उन्हाचा अभ्यास : पगार किती, खर्च किती

मार्च लागला की मला फोन येऊ लागतात. "ताई, एका प्रकल्पाची जाहिरात आलीय. पर्यावरण, आरोग्य आणि हवामान बदल असं लिहिलंय. पद संशोधन समन्वयकाचं, अठ्ठावीस हजार देताहेत. घेऊ का?" फोन करणारी मुलं-मुली बहुतेक आपल्याच भागातली असतात. कुणी जळगावच्या विद्यापीठातून पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलेलं, कुणी एमएसडब्ल्यू, एखादी बीएएमएस झालेली. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत मी हेच काम नऊ वर्षं करते आहे, तरी 'घे' किंवा 'नको' असं एका शब्दात मला सांगता येत नाही. मी त्यांना वही काढायला सांगते आणि दोन रकाने आखायला लावते. एका रकान्यात तुझ्या खिशातून काय जाईल, दुसऱ्यात प्रकल्पाच्या बजेटमधून काय जायला हवं. या दोन रकान्यांची सरमिसळ झाली की समन्वयकाचे हाल होतात, आणि ज्यांच्यासाठी अभ्यास चाललाय त्या माणसांचे त्याहून जास्त.

आधी काम काय ते सांगते, कारण जाहिरातीतून ते कळत नाही. मुख्य संशोधक बहुतेक पुण्या-मुंबईत, अहमदाबादेत, कधी परदेशात. गावाला दिसता ते तुम्ही. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र मिळवणं, ग्रामपंचायतीला भेटणं, आदिवासी गावं असतील तर यावल किंवा धुळ्याच्या प्रकल्प कार्यालयात खेटे घालणं, नीतिसमितीची फाइल तयार करणं, सर्वेक्षक नेमून त्यांना शिकवणं, यंत्रं सांभाळणं, रोज संध्याकाळी आलेली माहिती तपासणं आणि महिनाअखेरीला खर्चाची बिलं जुळवणं. ज्ञान लागतं, पण त्याहून जास्त लागते ती चिकाटी आणि हिशेबाची सवय.

या कामाला खानदेशात अर्थ का आहे

आपलं ऊन कुणाला समजावून सांगायला नको. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे सपाट प्रदेशात पारा निदान ४० अंशांवर गेला आणि तो सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असला, तर उष्णतेची लाट धरतात. पारा ४५ ला पोहोचला तर सरासरी न बघताही लाट, आणि ४७ ला तीव्र लाट. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात ४२-४३ अंश म्हणजे रोजचाच दिवस. म्हणजे व्याख्येत न बसणाऱ्या दिवशीही माणूस उन्हानं आजारी पडतोच. हा फरक नोंदवायला कुणीतरी गावात असावं लागतं. त्यात जळगाव शहर हे २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या, हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आहे. ऊन आणि धूळ दोन्ही एकाच छातीत जातात.

अशा अभ्यासानं काय होतं, हे पाहायला लांब जावं लागत नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत भयंकर लाट आली. नंतर संशोधकांनी शहरातल्या एकूण मृत्यूंचे आकडे काढले आणि आधीच्या आणि नंतरच्या वर्षाच्या मे महिन्याशी ताडून पाहिले. नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त निघाले. 'उष्माघात' हे कारण मृत्यूच्या दाखल्यावर क्वचित लिहिलं जातं, कुणाचं हृदय थांबतं तर कुणाची किडनी. म्हणून त्यांनी कारण बाजूला ठेवून सगळेच मृत्यू मोजले. त्या मोजणीच्या आधारावर २०१३ मध्ये अहमदाबादचा उष्णता कृती आराखडा झाला, दक्षिण आशियातला पहिला. जळगाव आणि धुळे महापालिकांकडेही जन्म-मृत्यूची नोंद असतेच. तिच्यातली नावं वगळून फक्त तारीख, वय आणि वॉर्ड मागायचा. सरळ पत्रानं मिळालं तर एक पैसा लागत नाही. नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज : १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, प्रत्येक पानाच्या प्रतीला २ रुपये, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिल्या अपिलाला २० रुपये. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, तेवढं सांभाळा. कुठल्याही महागड्या यंत्राआधी मी हा १० रुपयांचा स्टँप विकत घेते.

तयारीचा खर्च

या पदासाठी वेगळी पदवी नाही. पर्यावरणशास्त्र, समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य, नर्सिंग, संख्याशास्त्र, कशातूनही येता येतं. सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी हवीच असेल तर मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था, पुण्यात विद्यापीठाचा आरोग्यशास्त्र विभाग आणि गांधीनगरची भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था या जवळच्या जागा. पण फीपेक्षा दोन वर्षांचा राहण्याचा खर्च मोठा असतो, आणि फक्त समन्वयक व्हायचं म्हणून कर्ज काढून ती पदवी करू नका, असं मी स्पष्ट सांगते. आधी एखाद्या प्रकल्पात वर्षभर काम करा, मग ठरवा.

स्वस्तात होण्यासारखं खूप आहे. 'स्वयम'वरचे आरोग्य संशोधनाचे आणि संख्याशास्त्राचे अभ्यासक्रम फुकट ऐकता येतात, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तर एका विषयाला साधारण १,००० रुपये. 'ओपन डब्ल्यूएचओ'वर जागतिक आरोग्य संघटनेचे पाठ मोफत आहेत. नकाशांसाठी 'क्यूजीआयएस', आकडेमोडीसाठी 'आर', मोबाइलवरून सर्वेक्षणासाठी 'ओडीके' किंवा 'एपिकलेक्ट' हेही मोफत. मूळ प्रती मिळत असताना चोरीची सॉफ्टवेअर वापरण्याचं कारण उरत नाही. पुण्याच्या हवामान विभागाच्या संकेतस्थळावर पावसाची १९०१ पासूनची आणि तापमानाची १९५१ पासूनची चौकटवार माहिती मोफत आहे. ती उघडून आपल्या तालुक्याचा आलेख काढून पाहा. मुलाखतीत मी उमेदवाराला पहिली हीच गोष्ट विचारते.

नेट परीक्षा द्यायची असेल तर अर्जाची फी खुल्या वर्गाला १,१५० रुपये, ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांना ६००, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ३२५. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासूनचा दर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता वेगळा. दर तसा चांगला, पण छात्रवृत्ती पीएच.डी.साठी असते. समन्वयकाची नोकरी हे वेगळं प्रकरण आहे.

पगाराचा आकडा कसा वाचायचा

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या प्रकल्पांत पदांचे दर ठरलेले आहेत. प्रकल्प तांत्रिक साहाय्यक १ ला १८,०००, २ ला २०,०००, ३ ला २८,००० रुपये, प्रकल्प संशोधन वैज्ञानिक १ ला ५६,०००. शिवाय घरभाडे भत्ता. समन्वयकाचं काम बहुतेक २८ हजारांच्या पदावर बसवतात, त्याला पदवी आणि तीन वर्षांचा अनुभव किंवा पदव्युत्तर पदवी लागते. पण एम.एस्सी. प्रथम वर्गात झालेला माणूस वैज्ञानिक १ च्या पदालाही पात्र ठरू शकतो. काम तेच, जबाबदारी तीच, पगार दुप्पट. म्हणून जाहिरात वाचताना पदाच्या नावाखाली कामाची यादी पाहा आणि मुलाखतीत सरळ विचारा की हे काम २८ च्या पदावर का ठेवलंय. विचारल्यानं नोकरी जात नाही. माझ्या ओळखीच्या दोन मुलींना विचारल्यामुळेच वरचं पद मिळालं.

घरभाडे भत्त्यात आपल्याला फटका बसतो. केंद्राच्या यादीत जळगाव आणि धुळे झेड वर्गात आहेत, भत्ता १० टक्के. मुंबई-पुण्याला ३० टक्के. म्हणजे २८ हजारांच्या पदावर इथं हातात ३०,८०० आणि पुण्यात ३६,४००, फरक महिन्याला ५,६०० रुपयांचा. खोली इथं स्वस्त मिळते हे खरं. पण पुण्याचा समन्वयक कार्यालयात बसतो आणि इथला दिवसाला ऐंशी किलोमीटर गाडी हाकतो, हेही खरं.

स्वयंसेवी संस्थांमध्ये दर ठरलेले नसतात आणि बारकाईनं बघावं लागतं ते नियुक्तीपत्र. 'पगार' लिहिलंय की 'व्यावसायिक शुल्क'? शुल्क असेल तर १० टक्के कर आधीच कापला जातो. २८,००० चे हातात २५,२०० येतात आणि वर्षाला ३३,६०० रुपये सरकारजमा होतात. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर लागत नाही, तेव्हा विवरणपत्र भरलं की ही रक्कम परत येते. ते पोर्टलवर स्वतःच, फुकट भरता येतं. आमच्यातली अर्धी मुलं ते भरतच नाहीत, कारण त्यांना वाटतं गेले ते गेले. महिन्याच्या पगाराएवढी रक्कम आहे ती! पगार असेल तर वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, महिलांना महिना २५ हजारांपर्यंत तो माफ आहे. शुल्कावर भविष्य निर्वाह निधी नाही, रजा नाही, बाळंतपणाची रजा तर नाहीच. हे सगळं आधी माहीत असलं म्हणजे तेवढी रक्कम बोलणीत वाढवून मागता येते.

पैसा परदेशातून येणार असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी घेणारी संस्था तो दुसऱ्या संस्थेकडे वळता करू शकत नाही, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आतच ठेवावा लागतो. 'मोठी संस्था निधी घेईल आणि आपल्या इथल्या मंडळाला देईल' असं कुणी सांगत असेल तर तो पैसा येणार नाही. शिवाय परदेशी सहभागाच्या आरोग्य संशोधनाला केंद्राच्या छाननी समितीची मंजुरी लागते. ती हातात नसताना राजीनामा देऊन नव्या नोकरीवर रुजू होऊ नका.

तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल तरच या नोकरीत या. प्रकल्पाचा दुसऱ्या वर्षाचा हप्ता पहिल्या वर्षाचं विनियोग प्रमाणपत्र गेल्याशिवाय सुटत नाही. माझ्या एका प्रकल्पात ते प्रमाणपत्र एका टेबलावर अडकलं आणि चार महिने पगार झाला नाही. पगाराचं मी सोसलं. पण त्या काळात सर्वेक्षक मुलींच्या गाडीभाड्याचे पैसे मी माझ्या बचतीतून दिले आणि ते पुढे कुठल्याही खात्यात बसेनात, कारण तेव्हा मंजूर अग्रिमच नव्हता. तेव्हापासून मी एकच नियम पाळते. हंगाम सुरू होण्याआधी प्रवासाचा अग्रिम खात्यात आला नाही, तर गाडी गावाकडे वळत नाही.

गावातला खर्च

पेट्रोल लिटरला शंभरीच्या पुढे आहे. दिवसाला ऐंशी किलोमीटर आणि दुचाकीचं पंचेचाळीसचं अ‍ॅव्हरेज धरलं तर दोनशे रुपये, महिन्याचे वीस दिवस धरले तर चार हजार. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, जळगाव-धुळे नव्वद किलोमीटरची फेरी बसनं केली तर बराच पैसा वाचतो. मात्र बजेटमध्ये पूर्ण भाडंच धरा. बस आतल्या पाड्यांवर जात नाही आणि सकाळी सहाला तर नाहीच.

सकाळी सहा का, तर उन्हाच्या अभ्यासात सर्वेक्षकांनीच उन्हात पडू नये म्हणून. आम्ही सहा ते दहा काम करतो, मग पाचनंतर. दुपारी गावात कुणाच्या ओट्यावर बसून फॉर्म तपासतो. प्रत्येकाच्या बॅगेत दोन लिटर पाणी आणि ओआरएसची पुडी. पुडी घेताना लेबल वाचा : एक लिटर पाण्यासाठीच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. डब्यातली गोड पेयं हा ओआरएस नव्हे. आशाताईंकडे खरी पुडी फुकट मिळते. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

विमा विसरू नका. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, जीवन ज्योती ४३६ रुपये, दोन्हींत दोन लाखांचं संरक्षण. पहिला फक्त अपघाताचा, दुसरा कुठल्याही कारणानं मृत्यू आला तरी. दुसऱ्यात नाव नव्यानं घातल्यावर पहिले तीस दिवस अपघात सोडून इतर मृत्यूला संरक्षण नसतं, म्हणून फेब्रुवारीतच फॉर्म भरून घ्या. वर्ष ३१ मेला संपतं हेही ध्यानात ठेवा, ऐन हंगामात नूतनीकरण येतं. एका माणसाचे ४५६ रुपये, आणि ते प्रकल्पानं भरायचे.

ज्या खर्चावर मी अडून बसते

साक्री तालुक्यात एप्रिलमध्ये कांदा काढणी चालू होती. बाया विळ्यानं पात कापत ओळीनं बसलेल्या, डोक्यावरून पदर, पदरावर ओला टॉवेल. आमच्या फॉर्मवर प्रश्न होता : गेल्या वर्षी उष्माघात झाला होता का? एकजात सगळ्या म्हणाल्या, नाही. आमच्यातली एक सर्वेक्षक शिंदखेड्याची. तिनं फॉर्म बाजूला ठेवला आणि अहिराणीत विचारलं, "ऊन लागनं व्हतं का?" तेव्हा एकमेकींकडे बघून हसल्या आणि एकीनं सुरुवात केली. डोकं दुखस, चक्कर येस, लघवीला जळजळ, रात्री पोटऱ्यात गोळे. नऊ जणींपैकी सात जणींनी काही ना काही सांगितलं. आदल्या तीन दिवसांचे आमचे फॉर्म त्या संध्याकाळी बाद करावे लागले.

म्हणून भाषांतराचा खर्च बजेटमध्ये हवाच. प्रमाण मराठीतला फॉर्म धुळे-अमळनेरकडे अहिराणीत, रावेर-यावलकडे लेवा गणबोलीत, सातपुड्याच्या पायथ्याला तडवी आणि पावरा घरांत त्यांच्या बोलीत. एकानं भाषांतर करायचं, दुसऱ्यानं मूळ न बघता ते परत मराठीत आणायचं, मग दहा घरांत चाचणी. यात पंधरा दिवस जातात. ते वाचवायला गेलं की सगळा अभ्यास खोटा पडतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. त्या बाया आमच्याशी दीड तास बोलल्या. तेवढ्यात शेजारच्या ओळीतल्या बायांचे वाफे पुढे सरकले होते. मुकादम तासाभराचे पैसे कापतो, कापूस वेचणी असेल तर किलोचे पैसे बुडतात. अभ्यास आम्ही उन्हानं बुडणाऱ्या रोजाचा करतो, आणि रोज बुडवतो आम्हीच. आयसीएमआरच्या २०१७ च्या नीतिनियमांत सहभागी माणसाला वेळेचा आणि गैरसोयीचा मोबदला देता येतो. तो आमिष वाटावा इतका मोठा नको आणि नीतिसमितीची मान्यता हवी, एवढंच. दर कुठून आणायचा, असं समितीत विचारतात. मी रोजगार हमीचा दर पुढे ठेवते, २०२५-२६ साठी महाराष्ट्रात तो ३१२ रुपये होता. दीड तासाच्या मुलाखतीला जाणं-येणं धरून अर्धा रोज, १५६ रुपये. आजपर्यंत कुठल्याही समितीनं तो नाकारलेला नाही.

आता हिशेब करून पाहू. चारशे घरांचा, एका उन्हाळ्याचा अभ्यास. चार सर्वेक्षक, १८ हजार आणि भत्ता धरून १९,८०० प्रमाणे तीन महिने : २,३७,६०० रुपये. समन्वयक सहा महिने : १,८४,८००. तीन गाड्यांचं पेट्रोल तीन महिने : ३६,०००. चार पानी संमतिपत्राच्या दोन-दोन प्रती, कारण एक प्रत त्या घरात राहिली पाहिजे, म्हणजे ३,२०० पानं, दोन रुपयांनी ६,४००. पाच जणांचा विमा २,२८०. आणि चारशे जणांचा अर्धा रोज : ६२,४००. बेरीज ५,२९,४८०. यंत्रं, भाषांतर आणि संस्थेचा वरखर्च याबाहेर.

यात मोबदल्याचा वाटा बारा टक्क्यांच्याही आत आहे. तरी बजेट कापायची वेळ आली की पहिली कात्री तिथंच लागते. 'त्याऐवजी बिस्किटाचा पुडा देऊ' असं मी बैठकांत ऐकलेलं आहे. समन्वयक म्हणून तुमच्या हातात फार अधिकार नसतात, पण बजेटचा पहिला मसुदा बहुतेक तुम्हीच लिहिता. ही ओळ सगळ्यात वर लिहा, नीतिसमितीच्या अर्जात घाला. एकदा समितीनं मंजूर केली की ती कापायला पुन्हा समितीकडेच जावं लागतं.

यंत्रं

मोबाइलवरचं तापमान हे यंत्र नव्हे. हवामान विभागाचा पारासुद्धा सावलीतल्या, हवा खेळत्या पांढऱ्या पेटीतला असतो. शेतातल्या बाईवर पडणारं ऊन मोजायला 'डब्ल्यूबीजीटी' हा उष्णतेच्या ताणाचा निर्देशांक लागतो. त्यात ओल्या कापडातल्या तापमापकाचे ०.७, काळ्या गोळ्यातल्या तापमापकाचे ०.२ आणि कोरड्याचे ०.१ भाग धरतात. उदाहरण घ्या. आपल्याकडे मे महिन्यात कोरडा ४३, ओला २५, काळा गोळा ५५ असेल तर आकडा येतो ३२.८. मुंबईत कोरडा ३५, ओला २९, गोळा ४७ असेल तर ३३.२. पारा आठ अंशांनी कमी असून ताण बरोबरीचा. आणि आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे उन्हाची सवय असलेल्या माणसानं मध्यम कष्टाचं काम सलग करायची मर्यादा २८ च्या आसपास आहे.

बाहेरून येणारं तयार यंत्र महाग पडतं, त्यावर जीएसटी आणि दरवर्षीचं कॅलिब्रेशन वेगळं. तीन कोटेशन घ्या आणि कॅलिब्रेशन कुठं होतं ते कोटेशनमध्येच लिहून मागा, नाहीतर यंत्र महिनाभर दुसऱ्या शहरात पडून राहतं. पैसे नसतील तर साधा कोरडा-ओला तापमापक आणि ४० मिलिमीटरचा टेबल टेनिसचा चेंडू काळ्या बिनचमकीच्या रंगानं रंगवून त्यात बसवलेला सेन्सर, असंही संशोधकांनी वापरलेलं आहे. फक्त चांगल्या यंत्राशेजारी काही दिवस ठेवून फरक नोंदवावा लागतो. सर्वेक्षण एका तालुक्यात असेल तर एक चांगलं यंत्र भाड्यानं किंवा महाविद्यालयाकडून मागून आणणं मला पटतं.

हवेच्या बाबतीत स्वतःचे सेन्सर लावण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आकडे घ्या, ते मोफत आहेत. जळगावात बी. जे. मार्केट, गिरणा टाकी आणि एमआयडीसी इथं मोजणी होते. हाताने होणारी अशी मोजणी आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ दिवसांची असते, हे लक्षात ठेवूनच त्यातून निष्कर्ष काढा. बारीक धुळीचं, म्हणजे पीएम २.५ चं भारतीय वार्षिक प्रमाण ४० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासूनचं ५. अहवालात दोन्ही लिहा.

सगळ्यात महाग वस्तू : वेळ

उन्हाळा वर्षातून एकदाच येतो. नीतिसमितीची बैठक काही ठिकाणी तीन महिन्यांतून एकदा होते. फेब्रुवारीत अर्ज दिला आणि मेमध्ये मंजुरी आली तर वर्ष गेलं, आणि बारा महिन्यांचे पगार मात्र चालू. म्हणून ऑक्टोबरमध्ये अर्ज, डिसेंबरपर्यंत भाषांतर, फेब्रुवारीत प्रशिक्षण. सरकारी यंत्रणेत उष्णतेच्या आजारांची नोंद १ मार्च ते ३१ जुलै होते. त्यामुळे १ मार्चला तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची भेट झालेली असली पाहिजे. सल्ला लागला तर भोपाळची पर्यावरण आरोग्य संस्था आणि अहमदाबादची व्यवसाय आरोग्य संस्था या आयसीएमआरच्या दोन्ही संस्था भुसावळ-जळगावहून रेल्वेनं रात्रभराच्या अंतरावर आहेत.

आणि गावाला निकाल परत सांगायचा खर्च. तो मी जवळजवळ कुठल्याच बजेटमध्ये पाहिलेला नाही. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला, जिथल्या जंगल राखण्याच्या कामासाठी चैत्राम पवारांना २०२५ ची पद्मश्री मिळाली, बाहेरचे अभ्यासक कायम येत असतात. पण इतर शेकडो गावांत अभ्यासक एकदा येतात आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत. पेरणी आटोपल्यावर आणि वेचणी लागण्याआधी एक संध्याकाळ ठरवा. चहा, दोन मोठे छापील तक्ते आणि बोलीत बोलणारी एक व्यक्ती. दहा गावांचे मिळून दहा दिवस आधीच वेळापत्रकात घाला.

कांदा काढणीत बोलायला सुरुवात करणाऱ्या त्या बाईनं मला निघताना विचारलं होतं, "आमना गावमा ऊन कितलं शे?" आमच्या यंत्रात आकडा होता आणि तो रोज पुण्याला जात होता. दुसऱ्या दिवसापासून सर्वेक्षक मुलगी सकाळी आठ आणि दहाचे दोन आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहू लागली. खाली तिथल्या आरोग्य सेविकेनं 'दहानंतर सावलीत' असं लिहायला सुरुवात केली. हिशेबात मी त्यासाठी खडूच्या एका पेटीचं बिल लावलं.